राष्ट्राध्यक्षांची माफी: सुटलेला कैदी दिसतो, बुडालेली भरपाई दिसत नाही

अनघा_एडिसन (धागाकर्ती)

अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी दिलेल्या माफ्यांची बातमी आपल्याकडे साधारण अशी येते: अमक्याला माफी, तमका तुरुंगाबाहेर, विरोधकांची टीका. पुढे काही नाही. या प्रकरणांत सगळ्यात मोठा फटका कुणाला बसतो हे बघायचं तर तुरुंगाच्या फाटकाकडे बघून चालत नाही, निकालपत्रातला भरपाईचा आकडा बघावा लागतो. म्हणून हा धागा.

आधी एक प्रकरण जवळून बघू. ट्रेव्हर मिल्टन हा निकोला या ट्रक कंपनीचा संस्थापक. कंपनीने २०१८ मध्ये एक व्हिडिओ काढला. त्यात त्यांचा ट्रक मोकळ्या रस्त्यावरून मस्त पळताना दिसतो. प्रत्यक्षात त्या ट्रकला स्वतःच्या ताकदीवर चालताच येत नव्हतं. तो चढावर ओढत नेला होता आणि उतारावरून सोडून दिला होता. असल्या दाव्यांवर विसंबून सामान्य लोकांनी शेअर घेतले. ऑक्टोबर २०२२ मध्ये ज्यूरीने मिल्टनला दोषी ठरवलं, डिसेंबर २०२३ मध्ये चार वर्षांची शिक्षा झाली. अपील चालू असल्याने तो बाहेरच होता. भरपाई किती द्यायची हे ठरायचं बाकी होतं; गुंतवणूकदारांसाठी सरकारी वकिलांनी ६८ कोटी डॉलर मागितले होते. ऑक्टोबर २०२४ मध्ये मिल्टन आणि त्याच्या पत्नीने ट्रम्प यांच्या प्रचारनिधीला १८ लाख डॉलरहून जास्त देणगी दिली. मार्च २०२५ मध्ये त्याला पूर्ण माफी मिळाली. त्याच्यावर अन्याय झाला होता, असं ट्रम्प यांचं म्हणणं. भरपाईचा आदेश मात्र निघालाच नाही. चार वर्षं तुरुंग चुकला याची बातमी झाली, ६८ कोटींची मागणी हवेत विरली याची फारशी झाली नाही.

दुसरं प्रकरण पॉल वालझॅकचं. फ्लोरिडातला नर्सिंग होमचा मालक. परिचारिका, डॉक्टर आणि इतर कर्मचाऱ्यांच्या पगारातून कर म्हणून कापलेले एक कोटी डॉलरहून जास्त त्याने सरकारात भरलेच नाहीत. गुन्हा कबूल केला. ११ एप्रिल २०२५ रोजी १८ महिने तुरुंग आणि सुमारे ४४ लाख डॉलर भरपाई अशी शिक्षा झाली. २३ एप्रिलला माफी. मध्ये फक्त बारा दिवस. त्याची आई रिपब्लिकन पक्षासाठी निधी गोळा करणारी आणि ट्रम्प यांच्या मार-ए-लागो या क्लबातल्या माणशी दहा लाख डॉलरच्या भोजनाला हजर होती, हे न्यूयॉर्क टाइम्सने छापलं आहे.

आता थोडं शब्दांबद्दल, कारण मराठी बातम्यांत सगळ्यालाच ‘माफी’ म्हणतात. पूर्ण माफी म्हणजे पार्डन: दोष कागदावर राहतो, पण त्याचे कायदेशीर परिणाम संपतात. शिक्षाकपात म्हणजे कम्युटेशन: दोषी तो दोषीच, फक्त शिक्षा कमी होते. दंड किंवा भरपाई सोडून देणं हे रेमिशन, आणि तात्पुरती स्थगिती म्हणजे रिप्रीव्ह. घटनेच्या दुसऱ्या कलमात यासाठी जेमतेम एक वाक्य आहे, आणि मर्यादा दोनच: गुन्हा फेडरल, म्हणजे केंद्राच्या कायद्याखालचा हवा, आणि महाभियोगाला माफी लागू होत नाही.

पूर्ण माफीत न भरलेला दंड आणि न दिलेली भरपाई सहसा सुटते, माफीपत्रात उलट अट नसेल तर. शिक्षाकपातीत मात्र जे लिहिलं तेवढंच सुटतं. म्हणून ते पान शब्द न् शब्द वाचावं लागतं. फिलिप एस्फॉर्म्स हा मेडिकेअर (वृद्धांसाठीचा सरकारी आरोग्यविमा) घोटाळ्यातला आरोपी, शिक्षा २० वर्षं. डिसेंबर २०२० मध्ये त्याची कैद संपवली, पण ५५ लाख डॉलर भरपाई आणि ३ कोटी ८७ लाखांची जप्ती कायम राहिली. अपील कोर्टाने २०२३ मध्ये तीच उचलून धरली. आता जॉर्ज सँटोस बघा. माजी काँग्रेस सदस्य, ८७ महिन्यांची शिक्षा, २५ जुलै २०२५ ला आत आणि १७ ऑक्टोबरला बाहेर. त्याचीही शिक्षाकपातच. पण तिच्यात आणखी दंड, भरपाई, देखरेख काही उरणार नाही असे शब्द घातले आहेत. सुमारे पावणेचार लाख डॉलरची भरपाई त्या एका ओळीत गेली.

---

तळटीप

अनघाताई, उत्तम धागा. नेहमीची वाट कशी असते हे सांगितलं तर आडवाट कुठे फुटते ते कळेल, म्हणून थोडी भर.

न्याय खात्यात ‘पार्डन अॅटर्नी’ नावाचं कार्यालय आहे. पूर्ण माफी हवी असेल तर तुरुंगातून सुटल्यावर (तुरुंग झालाच नसेल तर दोषी ठरल्यावर) पाच वर्षं थांबायचं. मग अर्ज. फी नाही. अर्जावर शपथ, सोबत नातेवाईक नसलेल्या तीन जणांची चारित्र्याबद्दलची पत्रं. त्यानंतर एफबीआय चौकशी करते: नोकरी, कर्जं, शेजारपाजार, कर भरलेत का. ज्या सरकारी वकिलाच्या कार्यालयाने खटला चालवला त्याचं मत घेतात, बहुधा शिक्षा देणाऱ्या न्यायाधीशाचंही. शिफारशीचा कागद डेप्युटी अॅटर्नी जनरलमार्फत व्हाइट हाउसला जातो. नकार आला तर माफीसाठी दोन वर्षांनी आणि शिक्षाकपातीसाठी एक वर्षाने पुन्हा अर्ज करता येतो. शिक्षाकपातीचा अर्ज शिक्षा भोगायला सुरुवात झाल्यावरच घेतात, आणि अपील चालू असेल तर सहसा घेत नाहीत.

या नियमांतलं एक पोटकलम माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं आहे. गुन्ह्यात पीडित असतील आणि प्रकरण गंभीर असेल, तर न्याय खात्याने त्यांना कळवण्याचा प्रयत्न करायचा: अर्ज आला आहे, तुम्हाला काही म्हणायचं असेल तर म्हणा. पण ही कळवणी फायलीला चिकटलेली आहे. फाइल त्या कार्यालयातून गेलीच नाही तर पीडिताला पत्रही जात नाही. आणि नियमांच्या शेवटी स्पष्ट लिहिलं आहे की हे सगळं सल्ल्यापुरतं, राष्ट्राध्यक्षांवर बंधन नाही.

थोडक्यात, वशिला असलेल्याची फक्त रांग चुकत नाही. त्याच्याविरुद्ध बोलू शकणारी माणसं खोलीत येण्याआधीच निर्णय होऊन जातो.

मार्च २०२५ मध्ये पार्डन अॅटर्नी लिझ ओयर यांना काढलं, मे महिन्यात त्या जागी एड मार्टिन आले. आधीचे लोक ज्या खुर्चीला खात्यातली बिनराजकीय खुर्ची मानत होते, तिथे राष्ट्राध्यक्षांचा उघड समर्थक बसला.

---

भालचंद्र सोलापूर

माहितीपूर्ण. पण हे सगळं एकाच माणसाच्या खात्यावर टाकू नका. बायडेन यांनी १ डिसेंबर २०२४ रोजी स्वतःच्या मुलाला, हंटरला माफी दिली. तीही दोन खटल्यांपुरती नाही, १ जानेवारी २०१४ पासून त्या दिवसापर्यंत केलेल्या किंवा केलेल्या असू शकतील अशा सगळ्या फेडरल गुन्ह्यांसाठी. पद सोडताना भावंडांनाही दिली. त्याआधी १२ डिसेंबरला सुमारे १,५०० जणांची शिक्षाकपात केली, त्यात पेनसिल्व्हेनियाचा मायकेल कोनाहन होता. हा न्यायाधीश खासगी बालसुधारगृहाच्या सौद्यात पैसे घेऊन कोवळ्या पोरांना आत पाठवत होता. त्याच यादीत इलिनॉयच्या डिक्सन गावची हिशेबनीस रीटा क्रंडवेल होती, ५ कोटी ३७ लाख डॉलरची अफरातफर. गाव केवढं, तर पंधरा-सोळा हजार वस्तीचं.

---

अनघा_एडिसन

सोलापूरकर, मान्य, आणि तुमची दोन्ही उदाहरणं धाग्यात असायलाच हवीत. मुलाच्या माफीचं मी समर्थन करणार नाही. सत्ताधाऱ्याने घरच्यांना माफी देणं चूकच.

फरक दाखवते तो यंत्रणेतला. ती १,५०० जणांची यादी एका निकषावर निघाली होती: कोविडच्या काळात घरी पाठवलेले आणि तिथे नीट राहिलेले कैदी. निकषाच्या चाळणीतून कोनाहन आणि क्रंडवेलही खाली आले, कारण एकेक नाव पीडितांना विचारून तपासलं नाही. म्हणजे दोष तोच, पीडिताला न विचारण्याचा, फक्त दुसऱ्या वाटेने आलेला. कोनाहनने ज्यांना आत पाठवलं त्या मुलांचे आईवडील आजही त्याच भागात राहतात. त्यांना हे बातम्यांतून कळावं ही क्रूर गोष्ट आहे.

---

मितवा_शिकागो

जुन्या प्रकरणांशिवाय हा विषय अर्धा राहील.

१९७४: फोर्ड यांनी ८ सप्टेंबरला वॉटरगेट प्रकरणात पायउतार झालेल्या निक्सनना ‘पूर्ण, मुक्त आणि निरपवाद’ माफी दिली. आरोपपत्र नव्हतंच. कालावधी लिहिला होता, २० जानेवारी १९६९ ते ९ ऑगस्ट १९७४. गुन्हा घडल्यावर कधीही, खटल्याआधीसुद्धा माफी देता येते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या १८६६ च्या गारलंड निकालाने आधीच ठरलं होतं. हंटर बायडेनच्या माफीपत्राची घडण तीच आहे. फोर्ड मात्र ऑक्टोबरमध्ये स्वतः काँग्रेसच्या समितीपुढे जाऊन बसले आणि प्रश्नांना उत्तरं दिली. नंतर ते कुणी केलं नाही.

१९९२: थोरल्या बुशनी नाताळच्या आदल्या दिवशी इराणला गुपचूप शस्त्रं विकण्याच्या इराण-काँट्रा प्रकरणात माजी संरक्षणमंत्री कॅस्पर वाइनबर्गर आणि आणखी पाच जणांना माफी दिली. वाइनबर्गरचा खटला जानेवारीत उभा राहणार होता. साक्षी झाल्याच नाहीत.

२००१: मार्क रिच. तेलव्यापारी, १९८३ पासून स्वित्झर्लंडमध्ये फरार. ४ कोटी ८० लाख डॉलर करबुडवेगिरीचा आरोप, शिवाय अमेरिकी ओलिस तेहरानमध्ये असताना इराणच्या तेलाचा व्यवहार. क्लिंटन यांनी कारकिर्दीच्या शेवटच्या दिवशी माफी दिली. त्याच्या घटस्फोटित पत्नीने डेमोक्रॅटिक पक्षाला दहा लाखांहून जास्त आणि क्लिंटन ग्रंथालयाला साडेचार लाख डॉलर दिले होते. अर्ज नेला व्हाइट हाउसच्याच माजी कायदा सल्लागाराने, थेट. चौकशी झाली, आरोपपत्र कुणावरच आलं नाही. एक गोष्ट मात्र क्लिंटन यांच्या बाजूने सांगायला हवी. सरकारने दिवाणी दावा लावला तर मुदत संपल्याचा बचाव घ्यायचा नाही, अशी अट त्यांनी घातली होती. पैशाचा रस्ता निदान कागदावर तरी उघडा होता. मिल्टनच्या माफीत तसं काही नाही.

२००८: हे माझ्या मते सगळ्यात शिकवणारं. आयझॅक टूसी, न्यूयॉर्कचा बांधकाम व्यावसायिक, गृहकर्ज घोटाळ्यात शिक्षा झालेला. धाकट्या बुशनी २३ डिसेंबरला माफी जाहीर केली. पाच वर्षांची अट पूर्ण नव्हती, अर्ज पार्डन अॅटर्नीला टाळून आला होता. दुसऱ्या दिवशी पेपरात आलं की त्याच्या वडिलांनी त्या वर्षी पक्षाला २८,५०० डॉलर दिले होते. त्याच दिवशी बुशनी माफी मागे घेतली. माफीपत्र अजून हातात पडलं नाही, म्हणजे ते पुरं झालं नाही, असा आधार घेतला. २८,५०० डॉलर! आणि इथे अठरा लाखांनी कुणाच्या कपाळावर आठीसुद्धा नाही.

---

रेवती ग.

एक बाळबोध प्रश्न. राष्ट्राध्यक्षांनी माफी दिली की राज्य सरकार पुन्हा पकडू शकतं ना? मग एवढं नुकसान कसं?

---

तळटीप

प्रश्न बाळबोध अजिबात नाही, रेवती. पकडू शकतं. पण तीन अडचणी आहेत.

पहिली: राज्याच्या कायद्यात तो गुन्हा बसायला हवा. शेअर घोटाळा राज्यालाही लागू होतो, फेडरल अधिकाऱ्याला खोटं सांगणं होत नाही.

दुसरी: काही राज्यांनी स्वतःवर जास्तीची बंधनं घालून घेतली आहेत. ट्रम्प यांच्या प्रचाराचा माजी प्रमुख पॉल मॅनाफोर्ट याच्यावर मॅनहॅटनच्या सरकारी वकिलांनी २०१९ मध्ये आरोपपत्र आणलं, पण त्याच कृत्यांवर फेडरल खटला झाला होता म्हणून न्यूयॉर्कच्या कायद्याने ते फेटाळलं गेलं. कायदा त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये बदलला, जुन्या खटल्याला तो उपयोगी पडला नाही.

तिसरी: शिक्षा पुष्कळ सौम्य निघू शकते. ट्रम्प यांचा माजी सल्लागार स्टीव्ह बॅनन याचं बघा. सीमेवर भिंत बांधण्यासाठी लोकांकडून अडीच कोटी डॉलरहून जास्त गोळा केले, त्यातले काही खिशात गेले असा आरोप. खटल्याआधीच जानेवारी २०२१ मध्ये माफी. त्याच प्रकरणातल्या बाकी तिघांना माफी नाही. ते फेडरल तुरुंगात गेले, एकाला पाच वर्षांहून जास्त. न्यूयॉर्क राज्याने बॅननवर नव्याने खटला भरला. फेब्रुवारी २०२५ मध्ये त्याने गुन्हा कबूल केला आणि तुरुंगाविना सुटला. एकाच आरोपपत्रात चार नावं, तिघे गजाआड आणि ओळखीचा घरी.

उलट बाजूही सांगतो. राज्याच्या शिक्षेवर राष्ट्राध्यक्षांची सही चालत नाही. कोलोरॅडोची माजी निवडणूक अधिकारी टीना पीटर्स, मतदानयंत्रांच्या प्रकरणात राज्याच्या कोर्टात नऊ वर्षं झालेली. डिसेंबर २०२५ मध्ये ट्रम्प यांनी तिला माफी जाहीर केली. तिची शिक्षा फेडरल नव्हतीच, तिथे या घोषणेला कायद्याचं बळ नाही.

---

गिरगाव_ते_गल्व्हस्टन

आपल्याकडच्यांच्या कामाचे दोन मुद्दे.

उजव्या विचारांचे लेखक दिनेश डिसूझा यांचं नाव इथे येणारच. जन्म मुंबईचा, घराणं गोव्याचं. दुसऱ्यांच्या नावाने २०,००० डॉलर देणगी दिल्याचा गुन्हा २०१४ मध्ये कबूल केला. पाच वर्षं प्रोबेशन, त्यात आठ महिने रात्री देखरेखीच्या केंद्रात मुक्काम, आणि ३०,००० डॉलर दंड. मे २०१८ मध्ये पूर्ण माफी. पण तिजोरीत जमा झालेला दंड माफीने परत येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या १८७७ च्या ‘नोट विरुद्ध अमेरिका’ निकालाने ठरलं आहे. काँग्रेसने खर्चाची मंजुरी दिल्याशिवाय तिजोरीतून पैसा निघत नाही आणि राष्ट्राध्यक्षाची माफी त्या कुलपाला चालत नाही.

दुसरा मुद्दा ग्रीन कार्डवाल्यांचा. राष्ट्राध्यक्षाच्या किंवा राज्यपालाच्या पूर्ण, बिनशर्त माफीने हद्दपारीची काही कारणं मिटतात: नैतिक अधःपतनाचे गुन्हे, ‘अॅग्रवेटेड फेलनी’ (कायद्याने जास्त गंभीर ठरवलेले गुन्हे), एकाहून जास्त गुन्हे. अमली पदार्थांचा गुन्हा यात येत नाही. शिक्षाकपातीने तर काहीच मिटत नाही. आणि माफीने नोंद पुसली जात नाही. पार्श्वभूमी तपासणीत दोषसिद्धी आणि माफी दोन्ही दिसतात. नोंद पुसून देतो म्हणून कुणी पैसे मागत असेल तर तो फसवतोय.

---

मितवा_शिकागो

गल्व्हस्टनकर, नोट निकालाला एक पुरवणी. अपील चालू असताना माफी आली आणि दोषसिद्धीच रद्द झाली, तर चित्र पालटतं. २०१७ च्या नेल्सन विरुद्ध कोलोरॅडो निकालाप्रमाणे दोष रद्द झाला की त्यापोटी घेतलेला पैसा परत करावा लागतो. म्हणून श्रीमंत आरोपींचे वकील अपील जिवंत ठेवून माफीची वाट बघतात. वेळ साधली की बुडणारा पैसा तर वाचतोच, भरलेल्यावरही हक्क सांगता येतो.

---

भालचंद्र सोलापूर

आणि झाओ? बायनान्स या क्रिप्टो बाजाराचा संस्थापक. त्यात पीडितांची भरपाई कुठे आहे?

---

अनघा_एडिसन

तिथे मुद्दा वेगळा आहे, हितसंबंधांचा. चांगपेंग झाओने नोव्हेंबर २०२३ मध्ये काळा पैसा रोखण्याची व्यवस्था न ठेवल्याचा गुन्हा कबूल केला. कंपनीने ४३० कोटी डॉलर भरायचं मान्य केलं, त्याने स्वतः ५ कोटी, शिवाय चार महिने तुरुंग. तो भोगूनही झाला. ऑक्टोबर २०२५ मध्ये माफी आली. माफीच्या काही महिने आधी अबू धाबीच्या एमजीएक्स या गुंतवणूक कंपनीने बायनान्समध्ये २०० कोटी डॉलर गुंतवले आणि ते चुकते करायला वापरलं यूएसडी१ हे डिजिटल नाणं. ते काढलं आहे ट्रम्प कुटुंबाशी संबंधित वर्ल्ड लिबर्टी फायनान्शियलने. व्यवहार आणि माफी यांची गाठ कुणी कोर्टात सिद्ध केलेली नाही, पण साध्या नगरपालिकेतल्या ठेकेदारीतसुद्धा अशा माणसाने ती फाइल दुसऱ्याकडे सोपवायला हवी होती.

होंडुरासचे माजी अध्यक्ष हुआन ओर्लांडो एर्नांडेझ यांचं प्रकरण मला त्याहून अस्वस्थ करतं. कोकेनच्या तस्करीत सामील म्हणून जून २०२४ मध्ये ४५ वर्षांची शिक्षा, १ डिसेंबर २०२५ ला माफी मिळून सुटका. त्या खटल्यात ज्यांनी जीव मुठीत धरून साक्षी दिल्या ते लोक आता काय करतील? पुढच्या खटल्यात साक्षीदार उभा राहील कशाला?

---

कोर्ट_नंबर_चार

इथे भारताची तुलना कुणी अजून आणली नाही म्हणून लिहितो. आपल्या राष्ट्रपतींना कलम ७२ आणि राज्यपालांना १६१ खाली असेच अधिकार आहेत, पण ते मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने, आणि मुख्य म्हणजे कोर्टात तपासता येतात. आंध्र प्रदेशात गौरू वेंकट रेड्डी या काँग्रेस कार्यकर्त्याला राज्यपालांनी शिक्षेत सूट दिली. पत्नी आमदार होती. एपुरू सुधाकर निकालात, २००६ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने ती सूट रद्द केली. जात, धर्म, पक्षनिष्ठा हे माफीचे आधार होऊ शकत नाहीत असं सांगितलं. अमेरिकेत हा दरवाजा जवळजवळ बंद आहे. जुलै २०२४ च्या ‘ट्रम्प विरुद्ध अमेरिका’ निकालात तर माफीचा अधिकार वापरल्याबद्दल राष्ट्राध्यक्षावर फौजदारी खटलाच चालू शकत नाही असं धरलं आहे.

तरी आपलीही पाटी कोरी नाही. खुनाच्या खटल्यात शिक्षा झालेले पारशी नौदल अधिकारी नानावटी यांना १९६४ मध्ये महाराष्ट्राच्या राज्यपाल विजयालक्ष्मी पंडित यांनी माफी दिली, तेव्हाच आयात परवान्याच्या प्रकरणात शिक्षा झालेले सिंधी व्यापारी भाई प्रताप यांनाही दिली. दोन समाजांचं समाधान एका सहीत. नानावटींचं नाव सगळ्यांना माहीत, दुसरं कुणाच्या लक्षात नाही.

---

रेवती ग.

मग उपाय? घटनादुरुस्ती?

---

तळटीप

घटनादुरुस्तीला दोन्ही सभागृहांत दोन-तृतीयांश आणि मग ३८ राज्यं लागतात. १९७४ मध्ये सिनेटर वॉल्टर मॉन्डेल यांनी सुचवलं होतं की काँग्रेसने १८० दिवसांत दोन-तृतीयांश मतांनी माफी रद्द करावी. पुढे गेलं नाही.

राज्यांनी हे सोडवलं आहे. जॉर्जियात १९४३ पासून माफीचा अधिकार राज्यपालाकडे नाहीच. पाच जणांचं मंडळ, प्रत्येकाची मुदत सात वर्षं. टेक्सासमध्ये १९३६ पासून मंडळाच्या शिफारशीशिवाय राज्यपालाची सही चालत नाही. दोन्हीकडे आधी माफ्यांचा बाजार मांडल्याची ओरड झाली होती. म्हणजे इलाज माहीत आहे, केंद्रात लावायची तयारी नाही.

साध्या कायद्याने होण्यासारखं एक आहे: माफीमुळे भरपाई बुडाली तर तेवढी रक्कम पीडितांना सरकारी निधीतून देण्याची तरतूद. त्याने राष्ट्राध्यक्षाच्या अधिकाराला धक्का लागत नाही, कारण तिजोरी काँग्रेसचीच आहे. प्रतिनिधी सभागृहाच्या न्याय समितीतल्या डेमोक्रॅट सदस्यांनी जून २०२५ मध्ये माफ्यांमुळे सुटलेल्या भरपाई आणि दंडाचा आकडा १३० कोटी डॉलर काढला होता. मिल्टनचे ६८ कोटी त्यात धरले आहेत, ते आदेशात आले नव्हते हे वाचताना लक्षात ठेवा.

---

गिरगाव_ते_गल्व्हस्टन

आणि तोवर फसवल्या गेलेल्यांनी काय करायचं, ते लिहूनच ठेवतो. अमेरिकेतल्या मराठी मंडळींचे पैसेही अशा योजनांत अडकतात.

फौजदारी भरपाईच्या भरवशावर बसू नका. आपला दिवाणी दावा वेगळा लावा आणि मुदतीत लावा. फेडरल शेअर फसवणुकीच्या दाव्याला फसवणूक कळल्यापासून दोन वर्षं आणि काही झालं तरी घटनेपासून पाच वर्षं. फौजदारी खटला संपायची वाट बघण्यात हीच मुदत निघून जाते, आणि मग माफी आली की दोन्ही हातांतून गेलं. दिवाणी देण्याला माफी लागू होत नाही. मिल्टनकडून निकोला कंपनीला सुमारे १६ कोटी ५० लाख डॉलर देववणारा लवादाचा निवाडा २०२३ मध्येच झाला होता. तो माफीच्या कक्षेबाहेरचा. रोखे व्यापारी मायकेल मिल्कनला २०२० मध्ये माफी मिळाली, पण शेअर बाजाराची नियामक संस्था एसईसी हिने घातलेली आजन्म व्यवसायबंदी तशीच राहिली.

भरपाईचा आदेश झालाच असेल तर कोर्टाच्या क्लार्ककडून ‘अॅब्स्ट्रॅक्ट ऑफ जजमेंट’ मागून घ्या. त्यात तुमचं नाव आणि रक्कम असते. आरोपीची मालमत्ता ज्या राज्यात आहे तिथे तो नोंदवला की तुमचा बोजा चढतो. पुष्कळ पीडित हा कागद मागतच नाहीत, कारण तो मागायचा असतो हे त्यांना कुणी सांगत नाही.

पीडितांसाठीच्या सरकारी सूचना व्यवस्थेत नाव, पत्ता, ईमेल अद्ययावत ठेवा. घर बदललं की कळवा. नेहमीच्या वाटेने माफीचा अर्ज आला तर पत्र त्याच पत्त्यावर जाईल.

---

अनघा_एडिसन

धन्यवाद गल्व्हस्टनकर, हे वर डकवायला हवं.

ज्यांना देणग्या आणि लॉबिंग स्वतः तपासायचं आहे त्यांच्यासाठी: देणग्या निवडणूक आयोगाच्या, म्हणजे एफईसीच्या संकेतस्थळावर व्यक्तीच्या नावाने शोधता येतात. आरोपीबरोबर जोडीदार, आईवडील आणि कंपनीचे संचालकही शोधा. टूसीच्या बाबतीत वडिलांचंच नाव सापडलं होतं. लॉबिंगचे अहवाल सिनेटच्या संकेतस्थळावर तिमाही येतात, तिमाही संपल्यावर २० दिवसांत. विषयाच्या रकान्यात ‘पार्डन’ आणि ‘क्लेमन्सी’ (माफी, शिक्षाकपात सगळ्यांना मिळून असलेला शब्द) दोन्ही शब्द घालून बघा. माफीचा अर्ज वकील म्हणून नेणारे बरेच जण लॉबिस्ट म्हणून नोंदणी करत नाहीत, म्हणून तिथे नाव नाही याचा अर्थ कुणी पैसे घेतले नाहीत असा होत नाही. माफीपत्रं न्याय खात्याच्या पार्डन अॅटर्नीच्या पानावर असतात. आधी ‘पूर्ण आणि बिनशर्त’ हे शब्द आहेत का ते बघा, मग भरपाईचा उल्लेख. उल्लेख नसेल आणि पूर्ण माफी असेल, तर उरलेली भरपाई गेली असं धरून पुढचं वाचा.

---

भालचंद्र सोलापूर

वालझॅकच्या पगारकापातीचं काय होईल? तेही गेलं?

---

मितवा_शिकागो

पूर्ण गेलंच असं नाही. कामगारांच्या पगारातून कापून न भरलेल्या कराला जबाबदार माणसाकडून शंभर टक्के वसूल करण्याचा आयआरएसला, म्हणजे केंद्राच्या कर खात्याला वेगळा दिवाणी अधिकार आहे, कलम ६६७२. तो गुन्ह्यावर अवलंबून नाही, त्यामुळे माफीने आपोआप संपत नाही. मात्र वसुली सुरू करायची की नाही हे ठरवणारं खातं त्याच राष्ट्राध्यक्षाच्या हाताखाली आहे. परिचारिकांना एक दिलासा: पगारातून कापल्याचं स्लिपवर किंवा डब्ल्यू-२ वर (मालकाने दिलेला वर्षाच्या पगार-कराचा दाखला) दिसत असेल तर त्यांचा आयकर भरला असंच धरतात, मालकाने पुढे भरला नसला तरी. म्हणून त्या स्लिपा फेकू नयेत.